ब्लँकेट डुप्लिकेट निघालं म्हणण्याआधी तेलाची टाकी बघा

दिवाळीच्या शटडाऊनला मला दरवर्षी दोन-तीन फोन येतातच आणि वाक्य अगदी ठरलेलं असतं. "अहो ब्लँकेट डुप्लिकेट दिलं हो सप्लायरने, वर १२६० लिहिलंय, आमची भट्टी ११५० च्या वर जात पण नाही, तरी आठ महिन्यांत पापड झाला त्याचा." (ब्लँकेट म्हणजे भट्टीच्या आत अस्तराला, म्हणजे लायनिंगला, लावतात ती सिरॅमिक फायबरची घोंगडी, आणि १२६०, ११५० हे आकडे डिग्रीचे.) मी विचारतो तेल कुठलं जाळता, तर उत्तर येतं, "तेल काय, नेहमीचंच." आता हे नेहमीचंच म्हणजे नक्की काय, हे दहातल्या आठ मालकांना माहीत नसतं, कारण तेलाची खरेदी बघतो एक माणूस, भट्टी बघतो दुसरा आणि लायनिंग करून जातो आमच्यासारखा तिसराच. मग शिव्या पडतात ब्लँकेटला.

भांडुप, वागळे इस्टेट, रबाळे, तळोजा असं फिरत बावीस वर्षं झाली लायनिंगच्या कामात. डुप्लिकेट माल नसतोच असं नाही म्हणत, असतो, पण लवकर मेलेलं लायनिंग म्हटलं की मी तरी आधी तेलाकडे बघतो. ते कसं बघायचं आणि सापडल्यावर काय करायचं ते सगळं इथे लिहून ठेवतोय, म्हणजे फोनवर तेच तेच सांगायला नको.

एक गोष्ट आधीच डोक्यातून काढा. ब्लँकेटवरचा १२६० हा आकडा स्वच्छ विजेच्या भट्टीत तुकडा २४ तास ठेवून तो किती आकसतो यावरून ठरतो. त्या भट्टीत ना ज्वाला, ना राख, ना गंधक. तुमच्या भट्टीत हे सगळं आहे, त्यामुळे तो आकडा म्हणजे वचन नाही. स्वच्छ गॅसवर सुद्धा १२६० ग्रेडला रोज ११५० च्या आसपास थांबवायचं असतं, आणि घाण तेलावर तर आकड्याला काही अर्थच उरत नाही.

जुनं लायनिंग फेकू नका, आधी वाचा

शटडाऊनला भट्टी उघडली की हेल्पर घमेली घेऊन तयारच असतात, तासाभरात सगळं भंगारात. थांबवा त्यांना. तीन ठिकाणचे तुकडे पूर्ण जाडीचे कापून घ्या, एक बर्नरच्या समोरच्या भिंतीचा, एक छताचा, एक धूर बाहेर जातो तिथला. आगीकडची बाजू मार्करने लिहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत टाका, तारीख टाका.

कापायच्या आधी मास्क. कोविडमधला कापडी नाही, किमान एन९५, आणि पाण्याचा फवारा मारून मगच हात लावायचा. वापरलेलं ब्लँकेट नव्यापेक्षा वाईट असतं, कारण जास्त तापून तापून त्या काचेसारख्या धाग्यांत क्रिस्टोबलाइट तयार होतं, म्हणजे स्फटिक सिलिका, जी फुप्फुसाला कॅन्सर करते हे सिद्ध झालेलं आहे. त्यात तेलाची भट्टी असेल तर व्हॅनेडियमची धूळ वेगळीच. व्हॅनेडियम जास्त पोटात-छातीत गेलं की जिभेवर हिरवट थर येतो. गंमत म्हणून सांगत नाहीये, लायनिंग काढल्यावर कोणाला खोकला आणि छातीत जळजळ होत असेल तर जीभ बघा आणि डॉक्टरकडे न्या.

आता तुकडा हातात घ्या. मी खिशात एक दाभण ठेवतो, पोती शिवायचा असतो ना तोच. आगीकडच्या बाजूने हळू टोचायचा. चांगल्या ब्लँकेटमध्ये तो न अडता आत जातो. खराब झालेल्यात आधी कडक थर लागतो, कुरकुर आवाज येतो, तो फुटला की मग आत मऊ लागतं. कडक थर किती मिलिमीटर आहे ते मोजून लिहा. ५ मिमी असेल आणि सगळीकडे सारखा पांढरा असेल तर तो बहुतेक नुसत्या उष्णतेचा आहे, सगळ्यांचाच होतो. पण १५-२० मिमी असेल, वरून काळपट चकचकीत किंवा तपकिरी-हिरवट असेल, आणि बर्नरसमोर जास्त, कोपऱ्यात कमी असेल, तर ती राख वितळून आत मुरली आहे. लालसर गेरूसारखा रंग म्हणजे लोखंड, तो जॉबवरच्या (भट्टीत तापवायला घातलेल्या मालावरच्या) स्केलचा, म्हणजे लोखंडी खपल्यांचा पण असू शकतो, लगेच तेलावर ढकलू नका.

मागची बाजू, भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याला टेकलेली, ती तर कोणी बघतच नाही. तिथे पांढरी-पिवळी पावडर, पत्र्यावर फुगलेला गंज, अँकरच्या (लायनिंग धरून ठेवणाऱ्या, पत्र्याला वेल्ड केलेल्या खुंट्यांच्या) बुडाशी खपल्या, असं दिसलं की चमचाभर खरवडून घ्या, कपात डिस्टिल्ड वॉटर (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते) घेऊन त्यात ढवळा आणि पीएच पट्टी बुडवा. पट्टी २-३ दाखवत असेल तर तिथे गंधकाचं ॲसिड बसलंय. या सगळ्याला शंभर-दोनशे रुपये खर्च नाही, पण पुढचे निर्णय यावरच आहेत.

तेलात असतं काय

तीन नावं लक्षात ठेवा. व्हॅनेडियम, सोडियम, गंधक.

व्हॅनेडियम कच्च्या तेलातच असतं, जमिनीतूनच येतं, तेलाच्या रेणूला चिकटून. रिफायनरीत पेट्रोल-डिझेल वर निघून गेलं की हे खाली उरलेल्या गाळात गोळा होतं, आणि त्या गाळातूनच फर्नेस ऑइल बनतं. जळताना त्याचं व्हॅनेडियम पेंटॉक्साइड होतं आणि ते ६९० डिग्रीच्या आसपासच वितळतं. तुमची भट्टी ११५० ला, म्हणजे भिंतीवर ते पाण्यासारखं पातळ असतं. त्यात सोडियम मिसळलं की आणखी खाली, काही मिश्रणं ६०० च्या पण खाली वितळतात. सोडियम आणि व्हॅनेडियमचं प्रमाण एकास तीनच्या आसपास आलं की सगळ्यात वाईट, जहाजाच्या इंजिनवाल्यांना हे चांगलं माहिती असतं, भट्टीवाल्यांना कोणी सांगत नाही.

सोडियम मात्र बहुतेक पाण्यातून येतं, खाऱ्या. तेलविहिरीतलं खारं पाणी, जहाजातून येताना शिरलेलं समुद्राचं पाणी, टँकरमध्ये आधीच्या फेरीचं राहिलेलं पाणी. हा फरक फार कामाचा आहे, कारण टाकीचं पाणी नीट काढलं की सोडियम बरंचसं निघून जातं, पण व्हॅनेडियम तेलातच विरघळलेलं असल्यामुळे तुम्ही टाकी निथळा, फिल्टर लावा, काहीही करा, ते जात नाही. फिल्टर विकणारा काय वाटेल ते सांगेल.

गंधक फर्नेस ऑइलमध्ये ४ टक्क्यांपर्यंत असू शकतं, एलडीओमध्ये (लाइट डिझेल ऑइल) त्याच्या निम्म्याहून कमी. ते आगीच्या बाजूला फार त्रास देत नाही, मागे जाऊन देतं, ते पुढे सांगतो.

आणि मग 'काळं तेल'. गॅरेजमधलं वापरलेलं इंजिन ऑइल, स्वस्त मिळतं म्हणून मिसळतात, कधी मालकाला माहीत असतं, कधी टँकरवाल्यालाच. त्यात इंजिन ऑइलच्या ॲडिटिव्हमधलं जस्त, कॅल्शियम, फॉस्फरस असतं, वर धातूचा चुरा. हे सगळं लायनिंगसाठी फ्लक्स आहे, म्हणजे चहात साखर विरघळावी तसं सिलिका त्यात विरघळते. शिवाय वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात येतं, असं कसंही जाळायला परवानगी नाही. मी अशा भट्टीचं काम घेतो पण लायनिंगची गॅरंटी देत नाही, तोंडावर सांगतो.

लाकूड, ब्रिकेट, काजूची टरफलं जाळणाऱ्यांकडे पोटॅशियम येतं. ते वाफ होऊन विटेत घुसतं, विटेतल्या अल्युमिना-सिलिकाबरोबर नवीन खनिजं बनवतं, ती जागा जास्त घेतात आणि वीट आतून फुगून थराथराने सुटते, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तशी. धारावीच्या कुंभारवाड्यात चिंध्या आणि भुशावर भट्ट्या लावतात, तिथे मात्र साध्या विटा-मातीची भिंत असते, खराब झाली की पुन्हा लिंपतात, विषय संपला. महागडं फायबर लावून चिंध्या जाळणं हा उद्योग मी रबाळ्यात पाहिलाय, कुंभारवाड्यात नाही.

एकदा हिशोब घालून बघा

"०.०५ टक्के राख म्हणजे काय हो, काहीच नाही," असं म्हणणाऱ्यांसाठी. समजा छोटी फोर्जिंगची भट्टी, तासाला ४० लिटर फर्नेस ऑइल, १६ तास. दिवसाला ६४० लिटर, म्हणजे साधारण ६०० किलो. ०.०५ टक्के राख म्हणजे दिवसाला ३०० ग्रॅम, आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ९० किलो. नव्वद किलो राख तुम्ही नोझलमधून स्वतःच्या हाताने भट्टीत फवारताय. व्हॅनेडियम १०० पीपीएम (दहा लाख भागांत १००) धरलं तर त्यातलं पेंटॉक्साइडच ३० किलोच्या वर.

बहुतेक चिमणीतून जाते, मान्य. दहा टक्केच चिकटली समजू. ९ किलो. भट्टीच्या भिंती आणि छत मिळून ९ चौरस मीटर असेल तर एका चौरस मीटरवर एक किलो. आता ब्लँकेट बघा, १२८ डेन्सिटीचं (घनमीटरला १२८ किलो) २५ मिमी ब्लँकेट एका चौरस मीटरला फक्त ३.२ किलो भरतं. म्हणजे वरच्या एक इंची थराच्या वजनाच्या तिसरा हिस्सा घाण त्यात वर्षभरात बसली. धागे असतात ३ मायक्रॉनच्या आसपास जाडीचे, त्यातली ९५ टक्के जागा नुसती हवा, आणि वितळलेलं मीठ-व्हॅनेडियम त्यात कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं ओढलं जातं. धागे विरघळतात, एकमेकांना चिकटतात, थर आकसतो, भेगा पडतात, भेगेतून आग मागे. जड फायरब्रिकवर तीच एक किलो घाण पडली तर वीट ढेकर पण देत नाही, कारण तिचं वजनच शेकड्यांत असतं.

म्हणून रिफायनरीतल्या हीटरसाठी जे एपीआय ५६० स्टँडर्ड आहे त्यात तेलातले सोडियम धरून एकूण जड धातू १०० पीपीएमच्या वर असतील तर सिरॅमिक फायबर लावूच नका असं आहे. आपल्याकडे गाळ्यात कोण एपीआय वाचतोय, पण आकडा लक्षात ठेवायला चांगला आहे. लॅबमध्ये तेल देताना नुसती कॅलरी आणि गंधक मागू नका, राख, पाणी, व्हॅनेडियम आणि सोडियम चारही मागा. राखेची टेस्ट फार अवघड नसते, तेल जाळून ७७५ डिग्रीला ठेवून उरलेलं मोजतात.

सॅम्पल टाकीच्या तळातून घेऊ नका आणि नुसतं वरचंही नको. टँकर खाली होताना सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीनदा थोडं थोडं घेऊन एकत्र करा, दोन बाटल्या भरा, एक लॅबला, एक सील करून कपाटात, वर टँकरचा नंबर आणि तारीख. ही दुसरी बाटली पुढचे दोन टँकर येईपर्यंत ठेवायची. सप्लायरला फक्त एवढं दिसलं की बाटली ठेवतायत, तेल आपोआप सुधारतं. खोटं नाही सांगत.

६५० ची रेघ कुठे आहे ते शोधा

हा भाग जरा नीट वाचा, कारण इथे शिकलेले लोक पण फसतात.

वितळलेली घाण लायनिंगमध्ये आत आत जाते ती कुठपर्यंत, तर जिथे तापमान तिच्या गोठायच्या खाली येतं तिथपर्यंत. ढोबळमानाने ६५० डिग्री धरा. भिंतीत आगीकडून पत्र्याकडे जाताना ६५० कुठे येतं ती एक अदृश्य रेघ आहे, तिच्या पुढे सगळं ओलं, तिच्या मागे सुकं.

समजा २३० मिमी फायरब्रिक, मागे ११५ मिमी इन्सुलेशन वीट, मग पत्रा. आतून १२०० डिग्री. माझ्या अंदाजे गणिताने फायरब्रिकच्या मागे ९०० च्या आसपास तापमान निघतं, आणि ६५० ची रेघ इन्सुलेशन विटेत ४० मिमी आत. आता एनर्जी ऑडिटवाला येतो, तापमान मोजायची गन लावतो, म्हणतो पत्रा १९० दाखवतोय, एवढी हीट वाया, मागे २५ मिमी ब्लँकेट घाला. घातलं. पत्रा आला १४५ वर, तेल वाचलं, सगळे खूश. पण फायरब्रिकच्या मागचं तापमान चढून ९८० झालं आणि ६५० ची रेघ सरकली इन्सुलेशन विटेत ७५ मिमी आत. म्हणजे जी वीट आधी एक तृतीयांश भिजत होती ती आता दोन तृतीयांश भिजणार.

इन्सुलेशन घालू नका असं नाही म्हणत मी, तेलाचे भाव बघता घालायलाच पाहिजे. पण घालायच्या आधी रेघ काढा, आणि घाण तेल जाळत असाल तर समोरची वीट जड, कमी भोकांची आणि सांधे अगदी बारीक ठेवा, कारण घाण विटेतून कमी आणि सांध्यातून जास्त जाते. मिस्त्री मॉर्टर थापून ५-६ मिमीचा सांधा सोडत असेल तर काम थांबवून पुन्हा लावायला सांगा, २ मिमीच्या वर जाऊ देऊ नका. घराच्या भिंतीचा गवंडी आणि भट्टीचा मिस्त्री हे दोन वेगळे धंदे आहेत, पण आपल्याकडे बरेचदा एकच माणूस दोन्ही करतो.

ही गन पण फसवते. पत्र्याला चंदेरी ॲल्युमिनियम पेंट असेल तर ती खूप कमी दाखवते. पत्र्यावर तळहाताएवढा ठिपका काळ्या मॅट हीटप्रूफ पेंटने रंगवा आणि कायम तिथेच मोजा.

मागचा पत्रा

गंधक जळून होतो सल्फर डायऑक्साइड, त्यातला थोडा, एक ते पाच टक्के, पुढे ट्रायऑक्साइड होतो. हा वायू आहे, त्याला ब्लँकेट म्हणजे उघडा दरवाजा. तो मागे पत्र्यापर्यंत जातो आणि जिथे १२०-१५० डिग्रीच्या खाली जागा मिळते तिथे पाण्याच्या वाफेबरोबर सल्फ्युरिक ॲसिड होऊन बसतो. आता गंमत बघा, जितकं चांगलं इन्सुलेशन तितका पत्रा थंड, आणि पत्रा थंड म्हणजे ॲसिड नक्की. त्यात आपली मुंबई, पावसाळ्यात एका शिफ्टवर चालणारी भट्टी रात्री गार पडते आणि दमट हवा आत ओढून घेते. मग सप्टेंबरमध्ये अँकर वेल्डमधून सुटून मॉड्यूल, म्हणजे घड्या घालून केलेले फायबरचे ठोकळे, खाली येतात. मॉड्यूल चांगलंच असतं, फक्त धरायला मागे पत्रा नसतो.

यावर उपाय तीन. लायनिंगच्या आधी पत्रा घासून त्याला ॲसिड आणि उष्णता दोन्ही सहन करणारं कोटिंग, दोन हात. गंधकाचं तेल कायमचं असेल तर ब्लँकेटच्या थरांमध्ये स्टेनलेसची पातळ फॉइल, ती अशा जागी ठेवायची जिथे तापमान २००-२५० असेल, पत्र्याला चिकटवून ठेवली तर तिच्यावरच ॲसिड बसेल, काय उपयोग. आणि मागच्या थरात कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड टाळा, गंधकाने त्याचा चुरा होतो. बायोसोल्युबल म्हणून जे नवीन फायबर येतं त्यात पण कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, तब्येतीला बरं, गॅसवर छान, फर्नेस ऑइलवर मी लावत नाही.

अँकरचं पण एक. ३१० स्टेनलेस महाग म्हणून चांगलं असं सगळे धरून चालतात. पण त्यात निकेल जास्त, आणि भट्टी धुराने काळी चालवत असाल, म्हणजे हवा कमी, तर निकेल आणि गंधक मिळून ६४० च्या आसपास वितळणारं मिश्रण बनतं. अँकर मेणासारखा कुरतडलेला निघतो. तिथे सिरॅमिक अँकर किंवा अँकरचं टोक लायनिंगच्या आत खोल गाडणं हाच मार्ग.

मग लावायचं काय

पीएनजी किंवा एलपीजी, स्वच्छ जॉब: फायबर मॉड्यूल बिनधास्त, ११५० पर्यंत १२६० ग्रेड, त्याच्या वर झिर्कोनियावालं १४२५.

एलडीओ: राख खूप कमी, ०.०२ टक्क्यांपर्यंत. फायबर चालतं, पण बर्नर ब्लॉकच्या भोवती आणि समोरच्या भिंतीवर जिथे ज्वाला आपटते तिथे वीट किंवा कास्टेबल (काँक्रीटसारखं ओतायचं भट्टीचं मटेरियल). समोरचा २५ मिमी थर वर्षा-दोन वर्षांनी बदलायचा आहे असं धरूनच डिझाइन करा, म्हणजे तो वेगळा सुटेल असा लावा.

फर्नेस ऑइल: आगीकडे जड वीट, लोखंड एक टक्क्याच्या खाली असलेली, मग इन्सुलेशन वीट, आणि फायबर लावायचंच असेल तर ६५० च्या रेघेच्या मागे. लोखंड कमी का, तर कमी हवेवर चालणाऱ्या भट्टीत कार्बन मोनॉक्साइड विटेत घुसतो आणि ४०० ते ७०० डिग्रीच्या पट्ट्यात विटेतल्या लोखंडाच्या ठिपक्यांवर त्याचा कार्बन जमतो. तो ठिपका वाढत जाऊन वीट फोडतो. फुटलेल्या विटेत मिरीएवढे काळे डाग दिसले तर हेच झालंय.

लाकूड-ब्रिकेटला जास्त अल्युमिना म्हणजे जास्त चांगलं हे गणित उलटं पडू शकतं. ४०-४५ टक्के अल्युमिनाची घट्ट वीट पोटॅशियम खाऊन वर एक काचेचा लेप तयार करते आणि तो पुढची घाण अडवतो. ७० टक्केवाली महाग वीट फुगून सुटलेली मी पाहिली आहे.

ब्लँकेटवर मारायचे कोटिंग येतात, पांढरे, डब्यातले. चांगल्या कंपनीचं असेल तर वारा आणि थोडी राख अडवतं, काही महिने. तेल बदलायचं टाळायला म्हणून लावणार असाल तर पैसे वाचवा. तसंच तेलात टाकायचं मॅग्नेशियमवालं ॲडिटिव्ह, ते राखेचा वितळणबिंदू वर नेतं हे खरं आहे, बॉयलरच्या ट्यूबला फायदा होतो, पण तुमची भिंतच १२०० ला आहे तर तो वर नेऊन नेऊन कुठे नेणार.

टाकी आणि बर्नर, रोजचं

टाकीचा तळ एका बाजूला उतरता आणि तिथे ड्रेन पाहिजे. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी सकाळी पंप चालू करायच्या आधी पारदर्शक बाटलीत ड्रेन उघडायचा, पाणी येतंय तोवर सोडायचं, तेल आलं की बंद. हे पाणी गटारात नाही. किती आलं ते भिंतीवरच्या वहीत लिहा. फर्नेस ऑइल गार असेल तर पाणी खाली बसतच नाही, म्हणून ड्रेनच्या आधी टाकी कोमट पाहिजे, ५०-६० डिग्री. टाकीचं झाकण आणि व्हेंट पावसाळ्याआधी बघा, गेल्या वर्षी एका ठिकाणी वहीत जुलैचं पाणी मेच्या चौपट दिसलं आणि कारण निघालं व्हेंटचं मोडलेलं टोपण.

नोझलपाशी तेल ९० ते ११० डिग्री तापलेलं हवं. गार तेलाचे थेंब मोठे पडतात, हवेत जळून संपत नाहीत, भिंतीवर जाऊन जळतात, आणि सगळी राख तिथेच सोडतात. समोरच्या भिंतीवर ताटाएवढा काळा गोल दिसत असेल तर लायनिंगवाल्याला नाही, आधी बर्नरवाल्याला बोलवा.

हवा किती, तर धुरातला ऑक्सिजन ३ टक्क्यांच्या आसपास. जास्त हवा सोडली की व्हॅनेडियमचं ते वितळणारं रूप आणि गंधकाचं ट्रायऑक्साइड दोन्ही वाढतात, कमी सोडली की काजळी आणि वरचा कार्बन मोनॉक्साइडचा खेळ. हा आकडा अंदाजाने येत नाही, फ्लू गॅस ॲनालायझर (धूर तपासायचं यंत्र) भाड्याने मिळतो, महिन्यातून एकदा लावा.

पीएनजी घेतलं म्हणजे सुटलो नाही

मागच्या दोन-चार वर्षांत बऱ्याच जणांनी तेल सोडून पीएनजी घेतलं, चांगलंच केलं. पण एका ओळखीच्या गाळ्यात असं झालं की गॅस आला, बर्नर नवे आले, आणि जुनं तेलाने भाजलेलं विटांचं लायनिंग तसंच ठेवून त्यावर ५० मिमी फायबरची व्हिनियर, म्हणजे वरून लावायचा थर, गमने चिकटवली. चिकटवणारा मी नव्हतो पण मोह मलाही झाला असता, तीन दिवसांत काम होतं. चार महिन्यांत पट्टेच्या पट्टे जॉबवर पडायला लागले. पडलेला तुकडा उलटा करून बघितला तर मागची बाजू, विटेला चिकटलेली, ती काळी आणि कडक, आणि आगीकडची बाजू पांढरी मऊ, नव्यासारखी. म्हणजे हल्ला मागून झाला. विटेत वर्षानुवर्षं मुरलेलं व्हॅनेडियम-सोडियम भट्टी तापल्यावर पुन्हा वितळलं, आधी गम खाल्ला, मग फायबर.

त्यामुळे तेलावरून गॅसवर जाताना जुनी वीट छिन्नीने फोडून रंग किती आत गेलाय ते बघा. काळपट-हिरवट पट्टा जिथे संपतो त्याच्या पुढे अजून १०-१५ मिमी खरवडा, जमत नसेल तर समोरची वीट काढूनच टाका. आमच्या त्या गाळ्यात शेवटी पट्टा ६० मिमी निघाला आणि अख्खी पुढची रांग काढावी लागली. गॅसवर आल्यावर उरलेली घाण मग जॉबवरून येते, ॲल्युमिनियम वितळवणाऱ्यांकडे फ्लक्समधलं मीठ, हीट ट्रीटमेंटला जॉबवरचं कटिंग ऑइल, ते धुऊन आणि सुकवून आत घाला.

आणि जे खरवडून निघालं ते डेब्रिजच्या ट्रकमध्ये टाकून खाडीकाठी सोडू नका. ओलं करून, जाड पिशवीत दुहेरी बांधून, लेबल लावून ठेवायचं, आणि तुमच्या एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटमध्ये, म्हणजे परवान्यात बघून घातक कचऱ्याबरोबर तळोज्याच्या अधिकृत साइटला पाठवायचं. त्या मालकाची चौदा पोती झाली होती, गाळ्याच्या दारातच रचून ठेवली होती, आणि दसऱ्याला भट्टीला हार घालताना त्याच पोत्यांवर त्याने नारळाचं ताट ठेवलं, ते मात्र मी उचलून बाजूला ठेवायला लावलं.